मुकादम विसरत नाही

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस ताईचा नमस्कार, आणि ठकूला गालावर दोन पापे.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे मी ठीक आहे. गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुर करतो आणि काम करतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायला आलेत, ते ट्रम्पेट शिकताहेत. चार महिने एकच ओळ चालू आहे. परवा जिन्यात भेटले, म्हणाले, "त्रास होत नाही ना?" मी म्हटलं, "छे, दुसरी ओळ कधी?" तेव्हापासून अबोला आहे.

फोन करायच्या ऐवजी लिहिलंस हे बरं केलंस. फोनवर तू रडतेस आणि मी शहाणपणा शिकवते, दोघींचाही वेळ जातो. शिवाय डॉक्टरबाईंना सगळं लेखीच हवंय म्हणतेस. आबाचं विसरणं पहिल्यांदा कधी दिसलं, हे त्याच्याबरोबर काम केलेल्या कोणीतरी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तपासण्यांत काही सापडत नाही आणि तो मात्र छातीठोकपणे सांगतो की माझं डोकं कामातून गेलंय. मग लिहून देणारी मीच. सख्खी बहीण, आणि नऊ वर्षं एकाच कंपनीत, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड.

लहानपणी विसरणारी खरं तर मी. आबा माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, पण जन्मतःच म्हातारा, म्हणून तर सगळे त्याला आबा म्हणायला लागले. घरातली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे आईलासुद्धा त्याला विचारावं लागे. मी शाळेत छत्री विसरायचे, तो एक शब्द न बोलता माझ्या वर्गातून उचलून आणायचा. हे डॉक्टरबाईंना सांगायची गरज नाही.

आमचं काम काय ते मात्र त्यांना कळायला हवं, म्हणून लिहिते. तूही वाच. बारा वर्षं संसार केलास, पण नवरा आणि नणंद दिवसभर काय करतात हे विचारायला तुला फुरसत झाली नाही. (हा टोमणा नाही. बरं, आहे.)

प्रोग्रॅम म्हणजे हजारो तुकडे. ते योग्य क्रमानं जोडून यंत्रावर चालेल अशी एक वस्तू करावी लागते, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. ते करणारं साधन मी बनवलं. तुझ्या दुकानात कोटाची फक्त कॉलर बदलायची असेल तर तू अख्खा कोट पुन्हा बेतत नाहीस. बाह्या, पाठ, अस्तर आधीचंच घेतेस. साधनही तेच करतं. काय बदललं ते बघतं, तेवढंच नव्यानं करतं, बाकीचं फळीवरून उचलतं. कोणी काय कधी करायचं हे ते ठरवतं, म्हणून त्याचं नाव मुकादम. नाव आबानंच सुचवलं.

जुन्या साधनांना सूचना द्यायच्या म्हणजे अर्ज भरण्यासारखं होतं. ठरलेल्या रकान्यात ठरलेले शब्द, बाहेर गेलात की साधन तोंड फिरवणार. मी म्हटलं, माणसं दिवसभर धडधाकट भाषेत प्रोग्रॅम लिहितात, मग मुकादमाशी बोलताना त्यांनी बोबडं का बोलावं? सूचनाही त्याच भाषेत लिहा. अटी घाला, पुन्हा पुन्हा लागणारं एकदाच लिहा, चुकलात तर लिहितानाच तांबडी रेघ दिसेल. लोकांनी मुकादमाला डोक्यावर घेतलं. आमच्या अकराही टीम तोच वापरतात, बाहेरच्या किती ते मी मोजायचं सोडून दिलंय.

आबाची टीम रुग्णालयातल्या पंपाचं सॉफ्टवेअर करायची. शिरेतून औषध ठरावीक वेगानं सोडणारा पंप. कुठलं औषध जास्तीत जास्त किती वेगानं जाऊ द्यायचं, याचा एक तक्ता त्याच्या पोटात असतो. नर्सच्या हातून चुकून मोठा आकडा पडला तर पंप अडवतो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात एका औषधाची मर्यादा उतरवली गेली. नवा तक्ता आला, तो जागेवर ठेवून आबानं बिल्ड करायचं होतं. रुग्णालयांत गेला तो जुनाच तक्ता. पुढचं तुला माहीत आहे. रुग्णालयात त्या पंपावर असलेली सुताराची बायको गेली. पंपानं अडवायला हवं होतं, अडवलं नाही.

चौकशीत आबाला विचारलं, नवा तक्ता ठेवला होता का? तो म्हणाला, "ठेवला होता." मग थोड्या वेळानं म्हणाला, "मला वाटतं, ठेवला होता." हा त्याचा पहिला विसर, असं लिहायचं. अर्ध्या पानात वेगळं लिहून सोबत जोडलंय. डॉक्टरबाईंना तेवढंच दे.

या पत्रात दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. संगणकावर खोडलेलं दिसत नाही. कागदाचं हेच वाईट.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

रविवारी मी तू दुकानातून यायच्या आधीच निघाले म्हणून रागावलीस. रागाव. तुझा हक्क आहे. गाडीची वेळ होती असं मी आबाला सांगितलं, तेही खरं नव्हतं. गाडीला अजून दोन तास होते. ते मी स्टेशनच्या बाकावर काढले.

तू लिहिलं होतंस, पण डोळ्यांनी बघेपर्यंत मला कळलं नव्हतं. प्रत्येक दारावर चिठ्ठी. नळावर चिठ्ठी. शेगडीची खुंटी बंद केली की तो तिचा फोटो काढतो, खाली रस्त्यावर जाऊन तो फोटो बघतो, आणि तरी पुन्हा वर येतो. माझ्यासमोर तीनदा आला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अरे, मी बघितलंय ना, बंद आहे." तेव्हा कुठे निघाला. माझ्या शब्दावर निघाला, वहिनी. फोटोवर नाही.

ठकूला शाळेतून आणताना म्हणे तो दोघांच्या मनगटांना नाडी बांधतो. मी तिला विचारलं, हे कशाला गं? ती म्हणाली, "आत्या, बाबा रस्त्यात मला विसरेल म्हणून. गाठ मी मारते. त्याची सुटते." आणि पुन्हा रंगवत बसली.

मग त्यानं मला विसरणाऱ्या माणसांना ठेवून घेणाऱ्या त्या केंद्राचं पत्रक दाखवलं. हिरवळ, बाक, बाकांवर हसणारे म्हातारे. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस स्वतः जाऊन अर्ज भरून आला, पंधरा मार्चला दाखल व्हायचं म्हणून. मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" तर शांतपणे म्हणाला, "ताई, एक बाई गेली माझ्या विसरण्यानं. आता घरात सहा वर्षांची पोर आहे. मी वाट बघत बसू का?" पुढे म्हणाला, "तू लिहून दिलंस ते बरं झालं. डॉक्टरबाई आधी ऐकतच नव्हत्या. तुझं पान वाचल्यावर म्हणाल्या, मग सुरुवात दोन वर्षांपूर्वीचीच दिसतेय. मलाही बरं वाटलं. मी उगाच बाऊ करतोय की काय असं वाटायचं."

बरं वाटलं म्हणाला.

जेवण झाल्यावर तो मला सुताराकडे घेऊन गेला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जातो हे तू बोलली नव्हतीस. कदाचित तुलाही सांगत नसेल. ठकूला शेजारी सोडलं आणि आम्ही चालत गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये सुतार एका पलंगाचा पाय रंधत होता. आबानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला, जणू त्याची जागा ठरलेली आहे. भुसा उडत होता.

सुतार मला म्हणाला, "तुम्ही बहीण का? बसा. हा येतो, बसतो, जातो. आधी मी हाकलायचो. एकदा तर पटाशी फेकली होती."

मी फळ्यांच्या थप्पीवर टेकले.

"विसरतो माणूस," तो म्हणाला. "मी एकदा मापात गफलत करून चार बोटं आखूड दार केलं होतं. माझं दार आखूड झालं, याचं…" रंधा पालथा करून पातं बघत राहिला. मग म्हणाला, "मी माफ केलंय त्याला. त्यालाच पटत नाही. तुम्ही सांगून बघा."

परत येताना आबा माझ्या पिशव्या घेऊन पुढे चालत होता आणि मी मागून त्याच्या पाठीकडे बघत होते. चाल बाबांसारखी झालीय.

मी रविवारी काहीतरी सांगायला आले होते. राहून गेलं. पंधरा तारखेच्या आत पुन्हा लिहीन. तोवर त्या केंद्रात पाऊल टाकू देऊ नकोस त्याला.

ताई


७ मार्च

वहिनी,

आधी दोन कामं, बाकी नंतर वाच. केंद्राला कळव की पंधराला कोणी येत नाही. आणि डॉक्टरबाईंकडून माझं अर्धं पान परत घेऊन फाड. ते खोटं आहे.

आबा तक्ता ठेवायला विसरला नव्हता. त्यानं नवा तक्ता जागेवर ठेवला, बिल्ड चालवलं, सगळं रीतसर केलं. मुकादमानं तो तक्ता पाहिलाच नाही. का नाही पाहिला, ते मला माहीत आहे, कारण मुकादमाचे डोळे मी काढले होते.

सोप्या शब्दांत सांगते. लोकांच्या हाती अख्खी भाषा दिली, याचा मला केवढा अभिमान होता ते तू पहिल्या पत्रात वाचलंस. आबानं पहिल्याच महिन्यात बोट ठेवलं होतं. म्हणाला, "ताई, अर्ज भरणारा माणूस रकान्याबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून साधनाला सगळं दिसतं. तू यांना भाषा दिलीस. आता हे सूचनांमधूनच कुठलीही फाइल उघडून वाचतील आणि मुकादमाला पत्ताही लागणार नाही." तुझ्या दुकानात समज. गिऱ्हाइकाची मापं तुझ्या वहीत नाहीत, परस्पर दुसऱ्याच्या वहीत आहेत. ती बदलली. तू आपली वही बघितलीस, काही बदललेलं नाही, म्हणून फळीवरचे जुने तुकडे घेऊन कोट शिवलास. कोटावर तारीख मात्र आजची.

उपायही त्यानंच सांगितला. सूचना बंद खोलीत चालवायच्या. जे हवं ते आधी मागायचं, खिडकीतून तेवढंच आत द्यायचं, आणि काय दिलं ते मुकादमानं लिहून ठेवायचं. मी ती खोली बांधली. चांगली बांधली होती. पण तिच्यामुळे चार मिनिटांचं बिल्ड अकरा मिनिटांवर गेलं. टीम कुरकुरायला लागल्या, दोन टीम तर जुन्या साधनाकडे परत जायच्या गोष्टी बोलायला लागल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी खोली मोडली नाही, फक्त दार उघडं ठेवलं. ज्याला बंद हवं त्यानं एक ओळ लिहून बंद करावं. ती ओळ कोणी लिहिणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पंपाचा तक्ताही सूचना अशाच उघड्या दारातून परस्पर वाचत होत्या.

आबानं माझ्या या बदलाखाली संगणकावर शेरा लिहिला, "हे दार उघडं राहिलं तर एक दिवस जुना माल नव्या नावानं बाहेर जाईल." मी खाली 'चर्चा मिटली' असं बटण असतं ते दाबलं. दुपारी पाण्याच्या मशीनजवळ भेटला, विचारलं, "ताई, दाराचं काय केलंस?" मी म्हटलं, "केलं रे बंद, किती पिरपिर करशील." त्यानं उघडून बघितलं नाही. इतर सगळ्यांचं काम तो दोनदा तपासायचा. माझं नाही.

चौकशी समितीसमोर आबानं माझ्याकडे वळून विचारलं होतं, "ताई, मुकादमानं तक्ता वगळला असेल का?" त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पाच माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मुकादम विसरत नाही. माणसं विसरतात." चांगलं वाक्य होतं. त्यांनी अहवालात जसंच्या तसं घातलं. आबानं ते डोक्यात घातलं.

त्या क्षणी मला नक्की माहीत नव्हतं, हे खरं आहे, पण या सत्याचा आधार घेऊ देऊ नकोस मला. संशय होता. चोराच्या मनात चांदणं असतंच. म्हणून तर त्या बैठकीनंतर अकराव्या दिवशी मी टेबलावर बसून त्याच पायऱ्या केल्या. नवा तक्ता ठेवला, बिल्ड चालवलं. मुकादमानं लिहिलं, 'बदल नाही, आधीचंच वापरलं.' पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. जेवणाच्या सुट्टीआधी मी दुरुस्ती संपवली, सगळ्या मिळून आठ ओळी. बदलांच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. आणि खाली जाऊन जेवले.

मग स्वतःला काय काय सांगितलं! अहवाल तर गेला. बाई काही परत येणार नाही. आबाला नुसती ताकीद मिळालीय. त्यानं राजीनामा दिला तेव्हा म्हटलं, त्याची मर्जी. त्यानं गाडी चालवणं सोडलं तेव्हा म्हटलं, वय झालं. चाळिशीतल्या माणसाचं वय झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणत मी ती झाकून बसले, आणि मुठीत भावाचं डोकं होतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. त्या रविवारी मी खरोखर सांगायच्या निश्चयानं आले होते, वाक्यं पाठ करून. आबानं दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, एक राहिलंय. माझ्यामुळे मुकादमाला बट्टा लागणार होता. तू ठामपणे उभी राहिलीस म्हणून तो वाचला. मी तुझी माफी मागितली नाही कधी." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असू दे रे." आणि चपला काढून आत आले.

आता मी काय केलं ते. काल सगळं लिहून, सही करून कंपनीला दिलं आणि चौकशी करणाऱ्यांनाही पाठवलं. मागे घेता येऊ नये म्हणून त्यांच्याकडून पोच घेतली. कंपनीच्या वकिलांनी बजावलंय, कोणाशी बोलायचं नाही. मी बोलत नाहीये, लिहितेय. खटला होईल असं ते म्हणतात. व्हावा.

परवा सुताराकडे जाऊन आले. उभ्यानंच सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी भलत्याच माणसाला माफ करत होतो?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ हातातल्या फळीवरून अंगठा फिरवत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही जा." मी निघाले तेव्हा त्यानं कोपऱ्यातलं स्टूल उचलून आत नेऊन ठेवलं.

सोबत आबासाठी जाड पाकीट आहे. त्यात त्यानं स्वतः लिहिलेली सूचना आहे, तारखेसकट, आणि तिच्याखाली मी दाबलेलं 'चर्चा मिटली'. त्या दिवसाचा मुकादम जसाच्या तसा आहे, जुना तक्ता आहे, नवा तक्ता आहे. त्याला सांग, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. माझ्या शब्दावर जाऊनच त्याचं हे झालं. त्यानं स्वतः नवा तक्ता ठेवावा, स्वतः चालवावं, आणि पडद्यावर काय उमटतं ते बघावं. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याचं त्यालाच करू दे, मध्ये पडू नकोस. एकदा पुरणार नाही. त्याला हवं तितक्या वेळा करू दे. मी तीनदा केलं होतं, त्याला तीनशे वेळा करायचा हक्क आहे.

त्यानं चिठ्ठ्या लगेच काढल्या नाहीत तर ओढू नकोस. दोन वर्षं स्वतःवर पहारा दिलेला माणूस एका दिवसात निजत नाही. कदाचित मी उशीर केलाय. कदाचित त्याचं डोकं आता त्या वाटेला इतकं सरावलंय की परत फिरायचं नाही. डॉक्टरबाईंना विचारायचं धाडस तू कर. माझ्यात नाही.

आणखी एकच. त्याला मी ओळखते. पडद्यावरची ती ओळ वाचून झाली की तो चपला घालेल, तुला ऐकू जाऊ नये म्हणून खाली रस्त्यावर जाऊन मला फोन करेल आणि म्हणेल, ताई, तुझ्यावर किती ताण असेल तेव्हा. तो मला उभ्या-उभ्या माफ करेल. त्याला दुसरं काही येतच नाही. मी फोन उचलणार नाही.

तू मात्र मला माफ करू नकोस, वहिनी. ठकू मोठी झाली, आत्या का येत नाही म्हणून तिनं विचारलं, तर गोड करून सांगू नकोस. त्या घरात कोणीतरी एकानं हे लक्षात ठेवायला हवं, आणि ते आबावर टाकू नकोस. त्याचं लक्षात ठेवून झालंय.

त्याची बहीण